पळस नेमका कधी फुलला?

होळीच्या सुमारास पळस फुलतो हे महाराष्ट्रात कुणीही सांगेल. पण गेल्या वर्षी तुमच्या वाटेवरच्या पळसाला पहिलं फूल कोणत्या तारखेला आलं, असं विचारलं की बोलणं अडतं. ‘यंदा लवकरच फुलला’, ‘पूर्वी शिमग्याला नुसता पेटलेला असायचा’, ‘आता ऋतूच बदललेत हो’. ऋतू बदललेत हे आपण सहज बोलून जातो. किती बदलले, कोणत्या झाडापुरते बदलले आणि हे कशावरून म्हणायचं, याची उत्तरं द्यायची तर जुन्या तारखा हाताशी लागतात. त्या फार थोड्या आहेत. वसंताबद्दल आपल्याकडे प्रेम भरपूर, माहितीही पुष्कळ. दुष्काळ आहे तो तारखांचा. त्या कुठे कुठे सापडतात, आज कोण टिपतंय आणि त्यातलं कामाला काय येतं, ते इथे पाहायचं आहे.

आधी आपला वसंत कसा आहे ते. थंड देशांतला वसंत बर्फ वितळल्यावर येतो, आपला पाणी आटत असताना. फेब्रुवारी सरता सरता ओढे कोरडे पडतात, माळावरचं गवत मोडून पडतं, पारा चढू लागतो आणि नेमकी तेव्हाच कोशिंबाला लालभडक पालवी फुटते. पिंपळ तांबूस चमकू लागतो. करंज बघता बघता जुनी पानं टाकून पोपटी होतो. पाऊस तर अजून तीन महिने लांब. हे झाडांना जमतं कसं? पानं गळली की पानांवाटे उडून जाणारं पाणी थांबतं. मुळांनी खोलवरून ओढलेलं पाणी खोडात शिल्लक राहतं, दिवस मोठा होऊ लागतो आणि त्या शिलकीवर झाड पालवी काढतं. पावसाबरोबर किड्या-अळ्यांची झुंबड उडेपर्यंत ही पानं जून झालेली असतात, तो आणखी एक फायदा. म्हणून आपल्याकडे नोंदी करायला पावसाळ्याइतकाच, मला तर वाटतं त्याहून अधिक मोलाचा काळ फाल्गुन ते वैशाख हाच आहे. एकाच रांगेतली दोन झाडं पंधरा दिवसांच्या अंतराने जागी होताना दिसतात, ती याच दिवसांत.

मार्चमधल्या एका सकाळी मी टेकडीच्या पायथ्याच्या एका पळसाखाली अर्धा तास उभी होते. लांबून तो केशरी दिसतो. जवळ गेल्यावर पहिल्यांदा दिसते ती कळ्यांची काळपट तपकिरी मखमल. त्यातून राघूच्या चोचीसारखी बाकदार पाकळी बाहेर आलेली. संस्कृतात पळसाला ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असं नाव पडलं, ते कुणीतरी एवढ्या जवळून पाहिलं म्हणूनच. जांभळा सूर्यपक्षी देठावर उलटा लटकून मधापर्यंत चोच नेत होता. साळुंक्या आल्या, फुलांत डोकं खुपसून गेल्या. एका फांदीवर कोतवाल होता. मध कमी आणि मधावर येणारे किडे जास्त, असा त्याचा हिशेब. खार एकेक फूल तोडून खाली टाकत होती. नोंदवहीत मी लिहिलं ते एवढंच: तारीख, वेळ, जागा, फुलं पुष्कळ, पालवी नाही, शेंगा नाहीत, साळुंक्या ६, सूर्यपक्षी २, कोतवाल १. बाकीचं सगळं मनात राहिलं, ते चांगलंच आहे. पण दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल, ते या दोन ओळीच. त्यातले ‘पालवी नाही, शेंगा नाहीत’ हे शब्द सगळ्यांत महत्त्वाचे आणि लोक नेमके तेच लिहीत नाहीत.

आपल्या पूर्वजांनी नोंदी ठेवल्या नाहीत असं मात्र नाही. त्यांनी त्या वहीत न ठेवता नावांत आणि म्हणण्यांत ठेवल्या. भोरडी या पक्ष्याचं दुसरं नाव पळसमैना. मध्य आशियाकडून हिवाळ्याच्या तोंडाशी येणारे हे गुलाबी-काळे थवे ज्वारीच्या शेतांत दिसतात आणि परतीच्या प्रवासाआधी पळस-सावरीच्या फुलांवर तुटून पडतात. एप्रिलच्या अखेरीस ते दिसेनासे होतात. पक्षी कोणता, झाड कोणतं, ऋतू कोणता, सगळं त्या एका नावात आलं. पावशाचं ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ हेही तसंच. शेतकऱ्याने त्या आवाजात आपलं पुढचं काम ऐकलं. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त झाडांच्या बहरावरून पिकांचे अंदाज बांधणारा अख्खा अध्याय लिहिला आहे. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मराठी महिन्यांच्या क्रमाने जातं, आणि अनेक घरांत झाडाकडे पाहायची सवय त्या पुस्तकाने लावली.

पण या महिन्यांत एक अडचण आहे आणि ती फारशी कुणी बोलत नाही. आपले सण-वार चांद्रमासाने चालतात. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. म्हणजे पाडवा तीन आठवडे मागेपुढे होतो. कडुनिंब मात्र सूर्याच्या उन्हाने आणि जमिनीतल्या ओलाव्याने चालतो, त्याला अधिकमासाचं काही देणंघेणं नाही. ‘पूर्वी पाडव्याला लिंब मोहरलेला असायचा, आता नसतो’ या तक्रारीत झाड बदललं की पाडवा सरकला, हे तारखेशिवाय कळायचं कसं? उलट शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं सूर्यावर बेतलेली आहेत. मृग दरवर्षी ७ जूनच्या आसपासच लागतो. म्हणून रोहिणी-मृगाला बांधलेली जुनी निरीक्षणं आजच्या तारखांशी ताडून पाहता येतात, होळी-पाडव्याला बांधलेली थेट ताडता येत नाहीत. गावोगावच्या आठवणी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

समजुतींचंही असंच. बहावा फुलला की साधारण दोन महिन्यांत पाऊस येतो, असं ठिकठिकाणी सांगतात. कावळ्याने काटेरी झाडावर घरटं केलं तर पाऊस कमी आणि आंब्यावर केलं तर चांगला, असंही म्हणतात. या गोष्टी हसून सोडून देण्याच्या नाहीत आणि मान डोलावून मान्य करण्याच्याही नाहीत. त्या तपासता येतात. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ मध्ये २५ जूनला पोचला आणि २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांत जवळजवळ महिन्याचा फरक. मग त्या दोन वर्षी मुंबईतला एखादा ठरावीक बहावा महिनाभर मागेपुढे फुलला होता का? माझा अंदाज नाही असा आहे. एप्रिलमधलं झाड त्या वर्षीच्या उन्हाला उत्तर देत असतं, जूनमधल्या वाऱ्यांना नव्हे. पण माझ्या अंदाजाला किंमत नाही. एकाच बहाव्याच्या वीस वर्षांच्या तारखा कुणाकडे असतील, तर त्यांना आहे.

कागदावरच्या नोंदींचं सगळ्यांत जुनं भांडार संस्थांकडे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली आणि तिचं नियतकालिक १८८६ पासून निघतं. त्याच्या जुन्या अंकांत घरट्यांच्या, अंड्यांच्या, पाहुण्या पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या छोट्या छोट्या टिपा विखुरलेल्या आहेत. थिओडोर कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात झाडांची देशी नावं आणि फुलण्याचे महिनेही दिले आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आणि पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र इथे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने जपलेले असतात. नमुन्यावर गोळा करणाऱ्याचं नाव, जागा आणि तारीख असते. फांदीला फूल असेल तर तो कागद त्या दिवसाचा साक्षीदारच. मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ रजेच्या सोयीने आणि रस्त्याच्या सोयीने हिंडला, पहिल्या फुलासाठी थांबला नाही. ‘या दिवशी फूल होतं’ एवढं तो कागद सांगतो. ‘या दिवशी फुलायला लागलं’ हे नाही.

हा फरक भरून काढायची ताकद गेल्या काही वर्षांत सामान्य माणसाच्या हातात आली आहे. ईबर्ड या व्यासपीठावर देशभरातले पक्षिनिरीक्षक याद्या भरतात. त्यांच्या आधारावर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेऊ शकला, त्यामागे ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी आहेत. वसंताचा आपला पहिला गवई कोकीळ. त्याची संख्या दीर्घकालीन कलात सुमारे ७५ टक्के वाढल्याचं त्या अहवालाने दाखवलं. चैत्रात पहाटे चारला कोकिळाने झोप मोडल्याची तक्रार करणाऱ्या शहरकरांचं म्हणणं खरं असण्याचा संभव आहे! या पद्धतीचा कणा म्हणजे यादी भरताना विचारला जाणारा एक साधा प्रश्न: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का? ‘हो’ असेल तरच यादीत जे नाही, त्यालाही अर्थ येतो. फक्त स्वर्गीय नर्तक दिसला त्या दिवशी लिहायचं आणि कावळे-चिमण्या सोडून द्यायच्या, तर तो आपला आनंद झाला, नोंद झाली नाही.

झाडांसाठी असाच धागा धरला आहे तो सीझनवॉच या उपक्रमाने. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच झाडाकडे जायचं. पालवी, फुलं, फळं यांपैकी प्रत्येकासमोर ‘नाही’, ‘थोडी’ की ‘पुष्कळ’ एवढंच लिहायचं. यात सर्वाधिक नोंदी केरळमधून, तिथल्या शाळकरी मुलांकडून आल्या आहेत. विषू या तिथल्या नववर्षाच्या सणाच्या सकाळी देवापुढे बहाव्याची फुलं लागतात, त्यामुळे बहावा कधी फुलतो हा तिथे घराघरातला विषय आहे. आपल्याकडे पाडव्याला कडुनिंब लागतो, दसऱ्याला आपटा. मराठी शाळांनी ही वाट धरली तर दोन-तीन वर्षांतच जिल्ह्याजिल्ह्यांतला फरक दिसू लागेल. याला दुर्बीण लागत नाही, सहल लागत नाही. शाळेच्या फाटकाजवळचं झाड पुरतं.

फोटो काढून नोंदवायचा तर आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आहेत. नाव माहीत नसलं तरी फोटो टाकता येतो, जाणकार नाव सुचवतात. एप्रिलच्या अखेरीस होणाऱ्या ‘सिटी नेचर चॅलेंज’मध्ये आपली शहरंही उतरतात आणि चार दिवसांत मुंग्या, कोळी, गवतं यांच्याही नोंदी होतात, एरवी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. तरी अशा ढिगाऱ्यांकडे पाहताना सावध राहावं लागतं. नोंदी शहरांभोवती दाटतात, रविवारी दाटतात, गाडीरस्त्याच्या कडेने दाटतात आणि देखण्या जातींभोवती दाटतात. विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गावर गुलाबी टॅबेबुया फुलला की हजारो फोटो निघतात. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प फुललं की त्याला जपानी चेरीची उपमा मिळते. दोन्ही झाडं अमेरिकेकडची. त्याच आठवड्यात शेजारचा वावळ हजारो पापुद्र्यांची फळं वाऱ्यावर सोडत असतो, ती अंगणांत, गटारांत, दुचाकीच्या सीटवर पडलेली असतात आणि त्यांची नोंद शोधायला जावं तर हाताच्या बोटांवर मोजावी लागते.

यंत्राने सुचवलेल्या नावांचंही तसंच. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं, आणि नवख्याला त्याने केवढा धीर येतो! पण कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. ॲपने ‘शिक्रा’ म्हटलं आणि आपण तसंच लिहून मोकळे झालो, तर तो शिक्रा कायमचा नकाशावर बसतो. मान वर करून फांदीवर कोण आहे ते पाहणं अजून तरी माणसाचंच काम आहे.

नावांचा घोळ तर जुनाच. खानदेशात अंजन म्हणजे उंच, रुंद बुंध्याचा, गुरांना पाला पुरवणारा वृक्ष. महाबळेश्वरकडे अंजन किंवा अंजनी म्हणजे खोडा-फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके लागणारं बुटकं झाड. ‘मार्चमध्ये अंजन फुलला’ एवढीच नोंद असेल तर कोणता ते गाव कळल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून बोलीतलं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहावीत. बोलीतलं नाव शुद्ध करून प्रमाण करायच्या फंदात मात्र पडू नये; भारद्वाजाला जिथे सोनकावळा म्हणतात तिथे सोनकावळाच लिहावं. ते नावही नोंदवण्याजोगं आहे.

वनखात्याची बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना हा महाराष्ट्रातला वसंतातला मोठा सोहळा. चांदण्या रात्री मचाणावर बसायचं आणि पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर वेळेसकट लिहायचं. मी एकदा बसले आहे. मध्यरात्रीपर्यंत फक्त रानडुकरं आणि एक सायाळ; दोनच्या सुमारास अस्वल आलं, पाणी पिण्याचा आवाज मचाणापर्यंत ऐकू येत होता, आणि माझ्या हातातली पेन्सिल हलायची थांबली. तो अनुभव आयुष्यभर पुरेल. आकड्यांच्या हिशेबात मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नये: एकच जनावर दोन पाणवठ्यांवर मोजलं जातं, आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडला तर रानात डबकी होतात आणि पाणवठे ओस पडतात. शिवाय ही पौर्णिमाही चांद्रमासाची. २०२४ मध्ये ती २३ मेला होती, २०२६ मध्ये १ मेला. मेच्या पहिल्या आणि चौथ्या आठवड्यातलं रान एकसारखं तहानलेलं नसतं. वाघांचा अंदाज आता कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून बांधला जातो. मचाणावरच्या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतात ते योग्यच आहे.

तारखेवर जीव अवलंबून असल्याचं उदाहरण किनाऱ्यावर सापडतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. मादी रात्री वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. सकाळी माग काढून अंडी कुंपणातल्या खड्ड्यात हलवली जातात आणि खड्ड्यापाशी तारीख व अंड्यांची संख्या लिहिली जाते. पिल्लं बाहेर पडायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, तेव्हा त्या तारखेवरूनच कुठल्या खड्ड्याकडे कधी लक्ष ठेवायचं ते कळतं. वाळू तापली की दिवस कमी होतात, तेही हळूहळू त्या पाट्यांवरून ध्यानात येतं.

कायद्याने तर अशी वही प्रत्येक गावात असायला हवी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीपासून जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची, असं ठरलं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ही कल्पना आधीपासून मांडली आणि राबवून पाहिली होती. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरण्याचा धाक घातल्यावर कामाला वेग आला. मी चाळलेल्या काही नोंदवह्यांत तो वेग दिसतो. शेजारच्या दोन गावांच्या याद्या स्वल्पविरामासकट सारख्या. ‘केव्हा आढळते’ या रकान्यात ओळीने ‘उन्हाळा’. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याच गावात चारोळी कधी पिकते, आग्या मोहळ कोणत्या कड्यावर कधी बसतं, हे दिवसावारी सांगणारी माणसं असतात. त्यांच्यापर्यंत कुणी वही घेऊन गेलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने उलटी वाट धरली. तिथे गावाचे अभ्यासगट बसले. मध काढताना पोळं जाळायचं नाही, हे त्यांनी स्वतः पाहून-तपासून ठरवलं. तिथली नोंद गावाच्या कामाची होती, म्हणून ती टिकली.

नोंदीच्या हौसेपायी जीवाला त्रास व्हायला नको, हेही या दिवसांत पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण वसंत हा घरट्यांचा काळ. टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात. फोटोसाठी तिला दहा मिनिटं उठवलं तर एप्रिलच्या उन्हात ती भाजून निघतात. घुबडाच्या ढोलीची आणि दुर्मिळ आमरीची जागा जाहीर करू नये. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर करतं, पण फोटोखाली आपणच गावाचं नाव लिहिलं तर त्याचा काय उपयोग?

मावळातल्या एका ओळखीच्या मावशींकडे गेल्या चैत्रात गेले होते. त्या करवंदं विकतात. करवंदीला फूल कधी येतं, विचारलं तर म्हणाल्या, ‘‘थांबा, बघून सांगते.’’ आतून भिंतीवरच्या कॅलेंडरांची चवड घेऊन आल्या, मागच्या सात-आठ वर्षांची. आपल्या मराठी कॅलेंडरच्या एका चौकोनात इंग्रजी तारीख, तिथी आणि नक्षत्र तिन्ही असतात, हे त्या वेळी माझ्या पहिल्यांदा नीट लक्षात आलं. त्यांचे चौकोन पेन्सिलीने भरलेले होते. ‘दूध नाही’. ‘गॅस लावला’. ‘म्हैस लागली’. आणि मधेच, फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, ‘जाळीला फूल’. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात ते आठ दिवस आधी होतं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा मागे. मी मांडी घालून बसले आणि एकेक तारीख उतरवून घ्यायला लागले.